ईस्टरची तारीख नक्की ठरते कशी?

प्रश्न : आमच्या मजल्यावर वसईकडचं एक कॅथलिक कुटुंब राहतं. त्यांचा नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टर मात्र कधी मार्चमध्येच होऊन जातो, तर कधी एप्रिलचा तिसरा आठवडा उजाडला तरी यायचा असतो. त्यांच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, ‘फादर सांगतात तेव्हा.’ ही तारीख ठरते कशी? आणि दुसरं, ईस्टरआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो म्हणतात, पण कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात. चूक कुठे होते?

उत्तर : चूक कुठेच होत नाही, आणि आजीही बरोबर आहेत. छापील कॅलेंडर घरोघरी नव्हतं तेव्हा लोकांना ईस्टरची तारीख चर्चमध्येच कळायची. ६ जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या सणाला, मिस्सेमध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) त्या वर्षीच्या ईस्टरची आणि त्याला जोडून येणाऱ्या सणांची घोषणा होत असे. ही घोषणा उपासनेच्या पुस्तकात आजही आहे आणि काही चर्चमध्ये ती अजून केली जाते. पण फादर तारीख स्वतः ठरवत नाहीत. ती ठरते सूर्य, चंद्र आणि आठवड्याचा वार या तिघांच्या मेळातून.

आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही. मकरसंक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती दर वर्षी १४ किंवा १५ जानेवारीला येते. दिवाळी चंद्रावर चालते, म्हणून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुढेमागे होते. ख्रिस्ती वर्षातही असेच दोन हिशेब शेजारी शेजारी चालतात. नाताळ आणि बहुतेक संतांचे सण सूर्याच्या हिशेबाने ठरलेल्या तारखांना येतात. ईस्टर आणि त्याच्या आगेमागे येणारे सगळे सण चंद्राच्या हिशेबाने सरकतात.

ईस्टरला चंद्र का लागतो, याचं उत्तर शुभवर्तमानांत आहे. येशूला अटक झाली, त्याला क्रूसावर खिळलं गेलं आणि तो पुन्हा उठला, हे सगळं यरुशलेममध्ये यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत घडलं. वल्हांडण येतो निसान महिन्याच्या पौर्णिमेला. यहुदी महिने चंद्राचे असतात आणि निसान हा वसंताचा महिना. म्हणजे घटनेला पौर्णिमा चिकटलेली आहे, वसंत ऋतू चिकटलेला आहे, आणि कबर रिकामी सापडली तो आठवड्याचा पहिला दिवस होता, म्हणून रविवारही चिकटलेला आहे. या तिन्ही गोष्टी दर वर्षी एकाच तारखेला जमून येत नाहीत, म्हणून ईस्टरला ठरलेली तारीख देता येत नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांतही यावर मोठा वाद होता. आशिया मायनरमधल्या मंडळ्या निसानच्या १४ तारखेला सण करायच्या, मग वार कोणताही असो. रोममध्ये रविवारचा आग्रह होता. दुसऱ्या शतकाच्या मध्याला स्मर्नाचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प याच प्रश्नासाठी रोमला गेले आणि पोप अनिसेटस यांना भेटले. दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं नाही, तरी ते प्रेमाने निरोप घेऊन वेगळे झाले. या सगळ्या इतिहासातली ही भेट मला सर्वांत मोलाची वाटते. पुढे ३२५ साली निकाया इथे झालेल्या परिषदेत सगळ्या ख्रिस्तसभेने एकाच रविवारी ईस्टर साजरा करावा असं ठरलं. ‘निकायाने सूत्र लिहून दिलं’ असं सर्रास वाचायला मिळतं, ते तितकंसं खरं नाही. परिषदेने एकवाक्यता ठरवली. प्रत्यक्ष गणिताची पद्धत अलेक्झांड्रियाच्या जाणकारांची होती आणि ती हळूहळू सगळीकडे रुळली.

ती पद्धत थोडक्यात अशी : २१ मार्च हा वसंतसंपाताचा दिवस धरायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची. त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली, तर पुढचा रविवार धरायचा. यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या पस्तीस दिवसांतच कुठेतरी येतो. दोन्ही टोकं दुर्मीळ आहेत. २२ मार्चचा ईस्टर १८१८ साली झाला होता, तो पुन्हा थेट २२८५ साली येईल. २५ एप्रिलचा १९४३ साली झाला, तो पुढे २०३८ साली आहे.

ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्र पौर्णिमाच असते, म्हणून हनुमान जयंती आणि ईस्टरच्या आधीचा गुड फ्रायडे पुष्कळदा हातात हात घालून येतात. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि गुड फ्रायडे ७ एप्रिलला. २०१९ साली तर दोन्ही एकाच दिवशी, १९ एप्रिलला होते. याउलट ज्या वर्षी होळीची पौर्णिमाच २१ मार्चच्या पुढे जाते, त्या वर्षी ईस्टर महिनाभर आधी येतो. २०२४ साली २४ मार्चला होळी पेटली आणि ३१ मार्चला ईस्टर होऊन गेला.

इथे एखादा चौकस वाचक पंचांग उघडून म्हणेल, की २०१९ साली २१ मार्चला पहाटे आधी वसंतसंपात झाला आणि त्यानंतर काही तासांत पौर्णिमा पूर्ण झाली, मग ईस्टर २४ मार्चला का नव्हता? तो २१ एप्रिलला का गेला? शंका अगदी बरोबर. उत्तर असं, की ख्रिस्तसभा आकाशातला चंद्र पाहून तारीख ठरवत नाही. ती कोष्टकातला चंद्र धरते. एकोणीस वर्षांनी चंद्राच्या तिथी जवळपास त्याच तारखांना परत येतात, त्या चक्रावर हे कोष्टक बसवलेलं आहे. कोष्टकाप्रमाणे २०१९ची ती पौर्णिमा २० मार्चला पडली, म्हणजे एका दिवसाने हुकली. मग पुढची पौर्णिमा धरावी लागली, ती १८ एप्रिलची, आणि तिच्यानंतरचा रविवार होता २१ एप्रिल. कोष्टकाचा फायदा असा, की मुंबईत, मनिलात आणि लिस्बनमध्ये चंद्र वेगवेगळ्या वेळी पूर्ण झाला तरी सण एकाच दिवशी होतो.

याच कोष्टकापायी आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर आज आहे तसं झालं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं होतं. शतकानुशतकं ही मिनिटं साठत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत खरा वसंतसंपात २१ मार्चवरून ११ मार्चच्या आसपास घसरला. ईस्टर वसंतापासून दूर चालला होता. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली सुधारणा केली. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस एकदम १५ ऑक्टोबर धरला आणि लीप वर्षांचा नियम बदलला. गणित अलॉयसियस लिलियस या वैद्याचं होतं, ते तपासून पटवून दिलं ख्रिस्तोफर क्लाव्हियस या येशूसंघीय धर्मगुरूंनी. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली स्वीकारली. आज आपण पगाराची तारीख आणि रेल्वेचं आरक्षण ज्या कॅलेंडरवर पाहतो, ते एका सणाची वेळ चुकू नये म्हणून दुरुस्त झालेलं आहे. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरसाठी अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर धरतात, म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा उशिरा येतो. २०२५ साली मात्र दोन्हीकडचा ईस्टर २० एप्रिललाच आला, आणि तेही निकायाच्या परिषदेला १७०० वर्षं पूर्ण झाली त्याच वर्षी.

आता सेहेचाळीस दिवसांकडे वळू. ईस्टर ठरला की मागे मोजत उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, ठरतो. २०२६चंच पाहा. ईस्टर ५ एप्रिलला, म्हणून राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर सेहेचाळीस दिवस भरतात, तुमचं गणित चोख आहे. पण त्यात सहा रविवार येतात. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, जणू दर आठवड्याचा छोटा ईस्टर. त्या दिवशी उपवास करायचा नाही ही फार जुनी रीत आहे. सेहेचाळीसातून सहा वजा केले की उरतात चाळीस. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, ती ही संख्या.

उपवास म्हणजे चाळीस दिवस पाण्यावर राहणं, अशीही एक समजूत आहे. आजच्या नियमाप्रमाणे सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ ते ५९ या वयातल्यांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं आणि इतर वेळी थोडंसं खायचं. या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते १४ वर्षांपासून पुढच्यांना. बाकी कोणी काय सोडायचं, ते ज्याने त्याने ठरवायचं. कोणी मटण-मासे सोडतं, कोणी दारू, कोणी चहा. पण नुसतं सोडणं पुरत नाही. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी एकत्र जायला हव्यात, आणि सोडलेल्या गोष्टीचे वाचलेले पैसे गरजूच्या हातात पडायला हवेत. माझ्या मते हा तिसरा भागच सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच सहज विसरला जातो.

त्या बुधवारची राख कुठून येते, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वादित झावळ्या हातात घेऊन लोक मिरवणुकीने चर्चमध्ये येतात. नंतर त्या घरी नेऊन क्रूसामागे किंवा देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात पिवळी पाती तपकिरी होतात, कडा चुरचुरतात. पुढच्या वर्षी त्याच वाळक्या झावळ्या जाळून त्यांची राख वस्त्रगाळ करतात, आणि फादर अंगठ्याने ती प्रत्येकाच्या कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार, याची ती आठवण. गेल्या वर्षी जयजयकार करताना हातात धरलेली झावळीच यंदा कपाळावर राख होऊन येते. ईस्टरचं वर्ष असं मागच्या वर्षाला गाठ मारत पुढे जातं.

राखेचा बुधवार सरकला की त्याच्यामागून बाकीचंही सरकतं. गोव्यातला कार्निव्हल त्याच्या आधीच्या शनिवारपासून मंगळवारपर्यंत असतो, म्हणून त्यालाही ठरलेली तारीख नाही. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण.

दोन हिशेब एकत्र चालवायचे म्हटले की कधीतरी टक्कर होणारच. त्यासाठी अग्रक्रम ठरलेला आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमधल्या नागासाकी इथे हुतात्मा झाले. त्यांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा स्मृतिदिन ६ फेब्रुवारीला असतो. २००८ साली ईस्टर इतका लवकर होता की राखेचा बुधवारच ६ फेब्रुवारीला आला. अशा वेळी राखेचा बुधवार कोणत्याही संताच्या सणासाठी बाजूला होत नाही. मरियेला देवदूताचा निरोप मिळाला तो सण २५ मार्चचा. २०२४ साली इकडे धुळवड होती त्याच दिवशी तो आला, पण तो ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातला सोमवार होता. मग तो सण ईस्टरनंतरचा आठवडा संपवून ८ एप्रिलला साजरा झाला.

प्रश्न : पण सर्वांत मोठा सण तर नाताळच ना? दुकानं, रोषणाई, सुट्ट्या सगळं नाताळलाच असतं.

उत्तर : बाजारात मोठा नाताळ, उपासनेत मोठा ईस्टर. सुरुवातीला ख्रिस्ती लोक फक्त ईस्टर आणि दर आठवड्याचा रविवार पाळत होते. २५ डिसेंबरला नाताळ होत असल्याचा सर्वांत जुना उल्लेख रोममधल्या चौथ्या शतकातल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. मग हीच तारीख का? एक मत असं, की त्याच सुमारास रोममध्ये सूर्यदेवाचा उत्सव असे, त्या जागी हा सण आला. दुसरं मत असं, की देवदूताच्या निरोपाचा दिवस २५ मार्च धरून त्यात नऊ महिने मिळवले. अभ्यासक दोन्हीकडे आहेत. मला दुसरं मत अधिक पटतं.

हा नऊ महिन्यांचा हिशेब गोव्यातल्या पावसाळ्यापर्यंत पोचतो. देवदूत मरियेकडे आला तेव्हा तिची नातलग अलीशिबा सहा महिन्यांची गरोदर होती, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. तिचा मुलगा म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. म्हणून योहानाचा जन्म नाताळच्या सहा महिने आधी, २४ जूनला. मरिया भेटायला आली तेव्हा हे बाळ आईच्या पोटात आनंदाने उडालं, अशी कथा आहे. गोव्यात सांजांवच्या, म्हणजे योहानाच्या या सणाच्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून तरुण मंडळी भरलेल्या विहिरींत उड्या मारतात, त्यामागे ही कथा सांगतात. येशू आणि मरिया यांच्याखेरीज ज्याच्या जन्माचा सण ख्रिस्तसभा साजरा करते, असा हा एकटाच संत. मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला असतो, आणि त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याच्या माऊंट मेरीची जत्रा भरते.

नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, तेव्हा सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. ख्रिस्ती उपासनेचं नवं वर्षही १ जानेवारीला सुरू न होता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं. म्हणजे सजावट आणि गाणी १ डिसेंबरपासून आणि २६ तारखेला आकाशकंदील उतरवलेला, हा क्रम बरोबर उलटा झाला. पाळणा निदान तीन राजांच्या सणापर्यंत तरी राहू द्यावा, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर ते पोचायच्या आत गव्हाणी आवरलेली असते.

प्रश्न : फादर कधी जांभळा झगा घालतात, कधी पांढरा, पण बहुतेक वेळा हिरवा. हा आवडीचा भाग असतो का?

उत्तर : नाही. रंग काळावर ठरतो. आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळा. नाताळ आणि ईस्टरचा काळ पांढरा. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, पेंटेकॉस्ट आणि हुतात्म्यांचे दिवस लाल. उरलेले तेहतीस-चौतीस आठवडे हिरवे, म्हणून तुम्हाला तोच रंग जास्त दिसतो. आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी फादर गुलाबी वस्त्रात दिसले, तर गोंधळू नका. वाट पाहून आणि उपवास करून थकलेल्यांना मुक्काम जवळ आल्याचा तो दिलासा.

प्रश्न : गुड फ्रायडेला शेजाऱ्यांना शुभेच्छा द्याव्यात का? गेल्या वर्षी मोबाईलवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवलं, तर उत्तरच आलं नाही.

उत्तर : तुमच्या मनात आपुलकी होती, ती त्यांना नक्कीच कळली असेल. पण तो येशूच्या मरणाचा दिवस आहे, त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. त्या दिवशी मिस्साही होत नाही. आदल्या रात्रीच वेदीवरची वस्त्रं उतरवून ती उघडी ठेवलेली असते. घंटा वाजत नाहीत, काही ठिकाणी त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचा खडखडाट करतात. घरातली मंडळी क्रुसाच्या वाटेसाठी आणि दुपारच्या उपासनेसाठी बाहेर असतील, त्यांना जाऊ द्यावं, एवढंच.

शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरला. शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी पास्का मेणबत्ती पेटते. त्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू वर्षाचे चार आकडे असतात आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच मणी टोचलेले असतात. मग तिच्यावरून प्रत्येकाची मेणबत्ती पेटत जाते आणि घंटा पुन्हा वाजू लागतात. त्या रात्रीपासून ‘हॅपी ईस्टर’ म्हणायला हरकत नाही. रविवारी राहून गेलं तरी उशीर झाला असं समजू नका. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस चालतो. २०२६ साली ही मुदत २४ मेपर्यंत आणि २०२७ साली, ईस्टर २८ मार्चला असल्यामुळे, १६ मेपर्यंत.